चिनी सरदारांच्या पदव्या कशा वाचायच्या: वांग, गोंग, होउचा गुंता स्टेप बाय स्टेप

चायनीज ऐतिहासिक सिरियल बघणारे, तीन राज्यांच्या काळावरचे गेम खेळणारे आणि नुसताच इतिहास वाचणारे, या तिन्ही जमातींचा घोळ एकाच जागी होतो. सबटायटलमध्ये कुणी ड्यूक, कुणी मार्क्विस, कुणी प्रिन्स, आणि दोन एपिसोडनंतर त्याच प्रिन्सला किंग म्हणायला लागतात. मग आपण सर्च मारतो, गोंग, होउ, बो, त्झ, नान अशी पाच पदव्यांची उतरंड सापडते, ती लिहून ठेवतो आणि पुढच्याच सिरियलमध्ये ती लागू पडत नाही. यात तुमची काही चूक नाही. चीनमध्ये हीच पाच-सहा अक्षरं जवळजवळ तीन हजार वर्षं चालली, पण प्रत्येक घराण्याने त्यांच्या आत वेगळाच माल भरला. त्यामुळे "ही पदवी किती मोठी" हा प्रश्न आधी विचारायचाच नाही. विचारायचं ते असं, की ही कोणत्या काळातली, दिली कोणी, तिच्यासोबत हातात काय पडलं आणि ती काढून कोण घेऊ शकत होतं. खालच्या स्टेप्स त्याच हिशोबाने लावल्यात.

स्टेप १: आधी काळ पक्का करा

सगळ्यात जास्त गोंधळ वांग या एका पदवीने होतो म्हणून तिच्यापासून सुरुवात. वांग म्हणजे राजा. झोउ घराण्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १०४६ च्या आसपासपासून, हिशोबाने वांग एकच, झोउचा राजा, त्यालाच स्वर्गाचा पुत्र म्हणायचे, बाकी सगळे त्याचे सरदार. पुढे झोउची ताकद संपली, राजा नावापुरता उरला आणि सरदारांना वाटायला लागलं की आपणही वांग का नाही. इ.स.पू. ३३४ ला वेई आणि छी या दोन राज्यांच्या प्रमुखांनी भेटून एकमेकांना वांग म्हणून मान्यता देऊन टाकली, छिनचा प्रमुख इ.स.पू. ३२५ ला वांग झाला, मग काय रांगच लागली. इ.स.पू. २२१ ला छिनच्या राजाने बाकीची सगळी राज्यं गिळली तेव्हा त्याला वांग हे नाव फारच हलकं वाटलं, गल्लीबोळात वांग झाले होते ना, म्हणून त्याने ह्वांगदी ही नवीन पदवी काढली, आपण तिला सम्राट म्हणतो. आणि त्या दिवसापासून वांग एक पायरी खाली आला. हान घराण्यापासून पुढे वांग म्हणजे बहुतेक वेळा सम्राटाचा मुलगा, भाऊ, पुतण्या. म्हणून सबटायटलवाले कधी किंग लिहितात कधी प्रिन्स, मूळ अक्षर तेच असतं.

तर पहिलं काम एवढंच, की तुमचं पात्र कोणत्या कप्प्यात बसतं ते बघा: २२१ च्या आधीचं झोउ जग, मग छिन, मग हान ते तीन राज्यं, आणि त्यानंतर तांग वगैरे. गोष्टीत सम्राट असेल तर इ.स.पू. २२१ नंतरची, नुसते एकमेकांशी भांडणारे राजे आणि सरदार असतील तर आधीची. छिंग (चीनचं शेवटचं राजघराणं) काळातल्या राजवाड्याच्या सिरियल तर पूर्ण वेगळ्या, तिथे बेइल आणि बेइझ असल्या मांचू पदव्या असतात, त्या प्राचीन चीनला लावायला जाऊ नका.

स्टेप २: पाच पदव्या शिका, पण त्यांना रेशन कार्डासारखं पक्कं धरू नका

गोंग, होउ, बो, त्झ, नान. इंग्रजीवाल्यांनी यांना ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी युरोपियन नावं चिकटवली, ती लक्षात ठेवायला ठीक आहेत पण तेवढ्यापुरतीच. या पाचांच्या खाली छिंग, दाफू आणि शि, म्हणजे सरदारांच्या पदरचे मंत्री, मानकरी आणि सगळ्यात खालचे शिकलेले-लढणारे लोक. कन्फ्यूशियस या शि वर्गातला.

ही उतरंड कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्सियस या विचारवंताने सांगितलीय. त्याला एकाने विचारलं की झोउची पदव्यांची व्यवस्था नक्की कशी होती, तर तो म्हणाला तपशील आता कळायचा नाही, कारण सरदारांना ती कागदपत्रं अडचणीची होती म्हणून त्यांनीच ती नष्ट केली, मला फक्त ढोबळ माहीत आहे. आणि मग त्याने आकडे दिले: गोंग आणि होउला शंभर ली चौरस जमीन, बोला सत्तर, त्झ आणि नानला पन्नास, त्याहून लहान असेल तर तो थेट राजाकडे जाऊ शकत नाही, मोठ्या सरदाराला जोडून राहतो. एक ली म्हणजे साधारण चारशे मीटर. इतके गोल आकडे बघून मला तरी वाटतं की हा नकाशा जमिनीवर कमी आणि डोक्यात जास्त होता. उत्खननात सापडलेल्या पश्चिम झोउ काळातल्या काशाच्या भांड्यांवरचे लेख वाचले तर तिथे पदव्या इतक्या नीट रांगेत दिसतच नाहीत.

तरी ही यादी कामाची कुठे पडते, तर वसंत-शरद काळात, इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकात. लू राज्याच्या बखरीत प्रत्येक राज्याच्या प्रमुखाला ठरलेली पदवी लावलीय: सोंगचा गोंग, छी आणि जिनचे होउ, झेंग आणि छिनचे बो, छूचा त्झ, शू या बारक्या राज्याचा नान. आता गंमत बघा. छू हे दक्षिणेचं अवाढव्य राज्य, आणि पदवी चौथ्या पायरीची. छूच्या शिओंग थोंगने झोउ राजाकडे निरोप पाठवला की माझा दर्जा वाढवा, तिकडून नकार आला, तर त्याने इ.स.पू. ७०४ ला स्वतःलाच वांग जाहीर केलं. घरी वांग, आणि लूच्या बखरीत मात्र शतकं उलटली तरी त्झच. म्हणजे कोण लिहितंय त्यावरही पदवी ठरते, हे या काळात कायम डोक्यात ठेवा.

अजून एक सापळा आहे. छीचा प्रमुख होउ, पण त्या राज्याचा सगळ्यात गाजलेला माणूस छीचा ह्वान गोंग, मग तो गोंग कसा? तर मेल्यावर सगळ्याच सरदारांना मानाने गोंग म्हणायची पद्धत होती. आणि खोंगत्झ (म्हणजे कन्फ्यूशियस), मंगत्झ (म्हणजे मेन्सियस) यातला त्झ म्हणजे गुरुजी या अर्थाचा, चौथ्या पायरीचा सरदार नव्हे, कन्फ्यूशियसला व्हायकाउंट करून ठेवू नका.

स्टेप ३: छिन असेल तर मुंडकी मोजा

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे पदवी पहिल्यांदा आईबापांवरून सुटली. छिनमध्ये शांग यांग नावाच्या मंत्र्याने इ.स.पू. ३५६ पासून कायदेच बदलून टाकले. जन्म कुठेही होऊ दे, लढाईत शत्रूच्या चिलखतधारी सैनिकाचं एक मुंडकं आणलं की एक पायरी वर, सोबत एक छिंग (इथे हे जमिनीचं माप, शंभर मू) शेतजमीन आणि नऊ मू घरासाठी जागा. अशी पायऱ्यांची शिडी पुढे वीसपर्यंत गेली. सगळ्यात खाली गोंगशि, पाचवी दाफू, नववी वू-दाफू, सोळावी दालियांगझाओ, एकोणिसावी ग्वाननेइ होउ आणि सगळ्यात वर विसावी छ होउ. नीट बघा, दाफू हे झोउचं भारदस्त नाव इथे पाचव्या पायरीला येऊन बसलंय आणि गोंग हे अक्षर तर थेट पहिल्या पायरीच्या साध्या शिपायाच्या पदवीत आलंय. म्हणून स्टेप १ आधी.

पदवीचा उपयोग फक्त मिरवायला नव्हता. छिनच्या कायद्यात असं होतं, की तुमचे आईवडील सरकारी गुलाम झाले असतील तर तुमच्या दोन पायऱ्या परत करून त्यांच्यापैकी एकाला सोडवता येतं. पदवी म्हणजे जवळजवळ चलनच.

आणि जिथे चलन तिथे चोऱ्या आल्याच. १९७५ ला हूपेइ प्रांतात श्वेइहूदी इथे छिनच्या एका कारकुनाच्या कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे आणि नमुना केसेस सापडल्या. त्यातली एक केस अशी: शिंगछ्यू शहराच्या लढाईनंतर दोन सैनिक एकच मुंडकं घेऊन अधिकाऱ्यापुढे आले, दोघंही म्हणतात माझं. अधिकाऱ्याने मुंडकं तपासलं, अंबाडा बघितला, कपाळाच्या उजव्या बाजूला एक जखम, पाच त्सुन लांब, म्हणजे अकरा-बारा सेंटीमीटर, हाडापर्यंत गेलेली, तलवारीची वाटते, मान कशी कापलीय ती पण नोंदवली. आणि मग सगळ्या तुकड्यांना नोटीस काढली, की ज्यांच्या गटातला कोणी हरवला असेल किंवा अजून परतला नसेल त्यांनी ओळख पटवायला माणूस पाठवावा. म्हणजे अधिकाऱ्याला संशय असा, की हे मुंडकं शत्रूचं नसून आपल्याच एखाद्या पोराचं आहे. एका पायरीसाठी.

सेनापती बाय छीची चढण या शिडीवर मस्त दिसते. इ.स.पू. २९४ ला तो दहाव्या पायरीवर, झुओ शूझांग, तिथून काही वर्षांत दालियांगझाओ, आणि पुढे वूआन जून. हे जून म्हणजे वीस पायऱ्यांच्या बाहेरची मानाची पदवी, युद्धरत राज्यांच्या काळात अशा जूनांचं पेवच फुटलं होतं, छी राज्यातल्या मंगछांग जूनकडे तीन हजार पाहुणे पोसलेले असायचे म्हणतात. शांग यांग स्वतः दहाव्या पायरीपासून चढत शांगचा जून झाला, आणि राजा मेल्यावर बंडखोर ठरवून त्याला मारून टाकलं.

स्टेप ४: हानपासून पुढे पदवी मधून तोडा

हान काळात आलात की काम सोपं होतं. लिऊ बांगने इ.स.पू. २०२ ला सम्राट झाल्यावर वरती फक्त दोन मोठ्या पायऱ्या ठेवल्या, वांग आणि होउ, खाली छिनची शिडी चालू राहिली. गोंग, बो, त्झ, नान जवळजवळ गायब. होउची पदवी बहुतेक वेळा जागेचं नाव अधिक दर्जा अशी असते, ती मधून तोडायची. हुआईयिन होउ म्हणजे हुआईयिनचा होउ. हानच्या उत्तरार्धात दर्ज्यातही तीन थर दिसतात: श्येन होउ तालुक्याचा, श्यांग होउ त्याखालच्या गटाचा आणि थिंग होउ अगदी एखाद्या ठाण्यापुरता.

कागद सुधारून दाखवणारा दरबारी अधिकारी त्साय लुन, त्याला इ.स. ११४ ला लोंगथिंग होउ केलं, तीनशे घरांसह. तीन राज्यांचा लाडका हिरो ग्वान यू, त्याला त्साओ त्साओ या बलाढ्य सरदाराने इ.स. २०० ला हानशौ थिंग होउ केलं. बरेच जण ते "हान घराण्याचा शौथिंग होउ" असं वाचतात आणि त्यावरून ग्वान यूच्या निष्ठेची लंबीचौडी गोष्ट रचतात, पण हानशौ हे गाव आहे. आणि थिंग होउ सगळ्यात खालचा थर, हेही लक्षात ठेवा, लोक त्याला देव करून बसलेत म्हणून पदवी मोठी होत नाही.

अपवाद असतात. घोडदळाचा तरुण सेनापती हुओ छ्यूबिंग याला इ.स.पू. १२३ ला पहिल्याच मोहिमेनंतर ग्वानजून होउ केलं, यात गाव नाही, सैन्यात अव्वल असा अर्थ आहे, पुढे त्याच्या जहागिरीलाच ते नाव पडलं.

स्टेप ५: घरं मोजा, हाच खरा आकडा

सबटायटलमध्ये "दहा हजार घरांचा होउ" असं काही आलं की पॉझ करा. होउला जमिनीची मालकी आणि राज्यकारभार मिळत नव्हता, त्याला ठराविक घरांचा कर मिळायचा. कारभार सम्राटाने नेमलेला अधिकारीच बघायचा. हानचा इतिहासकार सिमा छियेन हिशोब देतो की वर्षाला घरटी दोनशे नाणी, म्हणजे हजार घरांच्या मालकाला दोन लाख. लिऊ बांगच्या वेळी युद्धाने गावं ओस पडली होती, त्यामुळे मोठ्यातल्या मोठ्या होउकडेही दहा हजारांच्या वर घरं नव्हती आणि बारक्यांकडे पाच-सहाशे. पुढे शांतता आली, लोक परतले, घरं वाढली आणि त्याच होउच्या नातवांचं उत्पन्न फुगलं.

लिऊ बांगचा सल्लागार झांग लियांग, याने तलवार कधी चालवलीच नाही, तरी सम्राट म्हणाला छी प्रदेशातली तीस हजार घरं स्वतः निवडून घे. तो म्हणाला नको, आपण पहिल्यांदा लिऊ गावात भेटलो, तेवढं मला द्या. तो लिऊ होउ झाला. हान शिन मात्र आधी छीचा वांग, मग छूचा वांग, मग संशय आल्यावर हुआईयिनचा होउ आणि इ.स.पू. १९६ ला त्याला मारलंच. दोघंही लिऊ बांगला सम्राट करणारे. कमी मागणारा जगला एवढंच मी म्हणेन.

तांग काळात गेलात की घरांचे आकडे छान रांगेत मिळतात. नऊ पायऱ्या: वांग दहा हजार घरं, जूनवांग पाच हजार, ग्वोगोंग तीन हजार, जूनगोंग दोन हजार, श्येनगोंग दीड हजार, श्येनहोउ हजार, श्येनबो सातशे, श्येनत्झ पाचशे, श्येननान तीनशे. झोउची जुनी पाच नावं परत आली बघा, पण आता सजवून. इथे फसू नका, कारण ही घरं कागदावरची. खरा कर मिळायचा तो फक्त "खरी दिलेली घरं" असं वेगळं लिहिलं असेल तेवढ्यांचा. आपल्याकडे १६६५ ला पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना मोगलांची पाच हजारी मनसब मिळाली, तेव्हा कोणी पाच हजार घोडेस्वार मोजून हाती दिले नव्हते, पाच हजारी हा दर्जा होता, तसंच काहीसं. म्हणून तांगचा कोणीही मोठा माणूस आला की दोन आकडे शोधा, पदवीचा आणि खऱ्या घरांचा, दुसरा बहुतेक वेळा बराच लहान असतो.

स्टेप ६: पदवी वेगळी, नोकरी वेगळी

हे न कळल्यामुळे अर्धे लोक गडबडतात. पंतप्रधान, सेनापती, प्रांताधिकारी या नोकऱ्या, त्यांचा पगार हानमध्ये धान्याच्या मापात मोजायचे, दोन हजार शि, सहाशे शि असा. होउ ही पदवी, ती नोकरी गेली तरी राहते आणि मुलाकडे जाते. दरबारातले तीन सर्वोच्च मंत्री, त्यांना सानगोंग म्हणतात, पण तिथला गोंग नोकरीचा आहे, सरदारकीचा नाही.

हानच्या सुरुवातीला पंतप्रधान होउंमधूनच निवडायचे. मग हानच्या सम्राट वूने गोंगसुन होंग या म्हाताऱ्या विद्वानाला पंतप्रधान करायचं ठरवलं, त्याच्याकडे कसलीच पदवी नाही, म्हणून इ.स.पू. १२४ ला आधी नोकरी आणि तिच्यापाठोपाठ पिंगजिन होउ ही पदवी असा उलटा प्रकार झाला. पुढे तोच पायंडा पडला.

याच्या बरोब्बर उलट केस म्हणजे ली ग्वांग. आयुष्यभर शिओंगनू या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांशी लढला, लहानमोठ्या सत्तरच्या वर लढाया, शत्रू त्याला उडता सेनापती म्हणायचा, मोठमोठ्या नोकऱ्या केल्या, आणि होउ काही झाला नाही. त्याचा चुलतभाऊ ली त्साय, ज्याची लायकी लोकांच्या मते याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, तो होउ झाला आणि पुढे पंतप्रधानसुद्धा. सेनापती वेइ छिंगच्या तर दुधपित्या तीन पोरांना होउ करून टाकलं होतं सम्राटाने. ली ग्वांगचं का अडलं तर हिशोबाचा नियम: मारलेले शत्रू वजा गमावलेले आपले. एका मोहिमेत त्याने खूप शत्रू मारले पण स्वतःचं सैन्यही तितकंच गेलं, मग यश-अपयश समसमान, बक्षीस शून्य. इ.स.पू. ११९ ला शेवटच्या मोहिमेत तो वाट चुकला, कारकुनांच्या चौकशीला उभं राहण्यापेक्षा त्याने स्वतःचा गळा कापून घेतला. चिनीत आजही गुणी माणसाला बढती मिळत नसली की ली ग्वांगचं नाव काढतात.

स्टेप ७: पोरांना काय मिळणार ते बघा

पदवी साधारणपणे मुख्य पत्नीच्या थोरल्या मुलाकडे. मुलगा नसेल तर जहागीर खालसा. आणि मुलगा असला तरी ती टिकेल याची खात्री नाही, कारण सम्राटाचा सगळा वेळ ही मंडळी कशी छाटायची यातच जातो. इ.स.पू. १५४ ला सात वांगांनी मिळून बंड केलं, ते मोडल्यावरही सम्राटाच्या मनातली भीती गेली नाही. मग इ.स.पू. १२७ ला झुफू येन नावाच्या माणसाने सम्राट वूला एक भन्नाट आयडिया दिली, तिला उपकार वाटायचा हुकूम म्हणतात: वांगाची जमीन फक्त थोरल्याला का, सगळ्या मुलांना वाटा, त्यांना होउ करा. धाकटी पोरं खूश, सम्राटाच्या नावाने दुवा, आणि दोन-तीन पिढ्यांत मोठी राज्यं तुकडे होऊन बसली, एक बाणही न सोडता. कोणत्याही सिरियलमध्ये सम्राट अचानक धाकट्या पुतण्यांवर प्रेम करायला लागला की हेच चाललंय समजा.

आणि काढून घ्यायचंच असेल तर निमित्त लागत नाही. दरवर्षी पूर्वजांच्या मंदिरातल्या पूजेसाठी वांग आणि होउंनी सोनं द्यायचं, हजार माणसांमागे चार लियांग (वजनाचं माप). इ.स.पू. ११२ ला दक्षिणेच्या युद्धासाठी एकही होउ स्वतःहून पुढे आला नाही, सम्राट वू चिडला, त्याने त्या वर्षीचं सोनं बारकाईने तपासायला लावलं आणि वजन कमी, कस हलका म्हणून १०६ होउंच्या पदव्या एका फटक्यात रद्द. लिऊ बांगने ज्या शंभराहून जास्त सोबत्यांना होउ केलं होतं त्यांच्यातल्या, शंभरेक वर्षांनी, फक्त पाच जहागिरी शिल्लक होत्या.

तरी एक अपवाद सांगतो, कन्फ्यूशियसचे वंशज. त्यांना १०५५ ला सोंग घराण्याच्या सम्राटाने येनशेंग गोंग ही पदवी दिली आणि घराणी आली-गेली तरी ती १९३५ पर्यंत चालली.

स्टेप ८: शिक्का असेल तर शिक्का वाचा

म्युझियममधले फोटो बघताना ही स्टेप. पदवीसोबत शिक्का आणि त्याला बांधायची रंगीत फीत मिळायची, हानच्या होउला सोन्याचा शिक्का आणि जांभळी फीत. शिक्क्याच्या डोक्यावर बसलेला प्राणी बघायचा. सरदार-अधिकाऱ्यांना कासव नेहमीचं, पण दूरच्या देशांतल्या मांडलिकांना वेगळे प्राणी. १९५६ ला युन्नानमध्ये तिएन या तिथल्या जुन्या राज्याच्या वांगचा सोन्याचा शिक्का सापडला, वर वेटोळं घातलेला साप. जपानमध्ये १७८४ ला शेतात सापडलेला, इ.स. ५७ ला हान सम्राटाने वा देशातल्या (जपानचं जुनं चिनी नाव) ना राज्याच्या वांगला दिलेला शिक्का, तोही सापाचा, बाजू जेमतेम २.३ सेंटीमीटर आणि वजन १०८ ग्रॅम. आणि ग्वांगझोउला १९८३ ला नानयुए या दक्षिणेच्या राज्याच्या राजाची कबर निघाली त्यात सोन्याच्या शिक्क्यावर चक्क ड्रॅगन आणि अक्षरं "सम्राट वन". हानच्या कागदोपत्री हा माणूस वांग, मांडलिक. घरात मात्र सम्राट. छूच्या शिओंग थोंगचाच धंदा, पाचशेहून जास्त वर्षांनी.

बायकांच्या पदव्या आणि मेल्यानंतरची नावं

हे दोन्ही मोठे विषय आहेत, इथे कामापुरतं. गोंगझू म्हणजे सम्राटाची मुलगी, झांग गोंगझू बहुतेक वेळा बहीण, दाझांग गोंगझू आत्या. तांगमध्ये युवराजाची मुलगी जूनझू, वांगाची मुलगी श्येनझू. पण गोंगझू दिसली की ती सम्राटाची मुलगीच असं धरू नका, ६४१ ला तिबेटला लग्न करून गेलेली वनछंग गोंगझू सम्राटाच्या पोटची नव्हती, दूरच्या नात्यातली मुलगी, परदेशी द्यायची म्हणून पदवी लावली. राण्यांच्या पायऱ्यांसाठी वू झतियानचं एकच उदाहरण पुरे: पाचव्या श्रेणीची त्सायरन, मग पुढच्या सम्राटाकडे दुसऱ्या श्रेणीची झाओयी, ६५५ ला सम्राज्ञी आणि ६९० ला स्वतःच सम्राट.

मेल्यावर मिळणाऱ्या नावांत वू म्हणजे पराक्रमी, वन म्हणजे विद्यावान, आणि यांग म्हणजे नालायक, तांगच्या आधीच्या स्वेइ घराण्याच्या दुसऱ्या सम्राटाला तेच मिळालं. छिनच्या पहिल्या सम्राटाने ही पद्धतच बंद केली होती, पोराने बापाची लायकी ठरवायची म्हणजे काय असं त्याचं म्हणणं. हानने ती परत सुरू केली.

एक धोक्याची खूण

हान संपत आल्यावर अचानक कोणाला गोंग केलं, की कान टवकारा. इ.स. १ ला वांग मांग आन-हान गोंग, म्हणजे हानला सांभाळणारा, आणि इ.स. ९ ला स्वतःच सम्राट. त्साओ त्साओ १९६ ला होउ, २१३ ला वेईचा गोंग, २१६ ला वेईचा वांग, २२० ला तो मेला आणि त्याच वर्षी त्याच्या मुलाने हानच्या सम्राटाला खाली उतरवलं. पुढे त्या मुलाच्या घराण्याला सिमा कुटुंबाने हाच औषधाचा डोस दिला, २६३ ला जिनचा गोंग, २६४ ला वांग. सोबत नऊ भेटी नावाचा प्रकार असतो, खास रथ-घोडे, पोशाख, वाद्यं, लाल दरवाजे, पहारेकरी, कुऱ्हाडी, धनुष्यबाण असलं काय काय. सिरियलमध्ये कोणी मंत्री या नऊ भेटी तीनदा नाकारून मग "नाइलाजाने" घेत असेल तर बिचारा सम्राट आता थोड्याच दिवसांचा पाहुणा.

आता सगळ्या स्टेप्स एकावर लावून बघू

पात्र: हायहुन होउ. काळ हान, इ.स.पू. पहिलं शतक, म्हणजे होउ हा वांगच्या खालचा. तोडा: हायहुन जागा, आजच्या जिआंगशी प्रांतात नानछांगजवळ, होउ दर्जा. माणूस कोण, तर लिऊ ह, सम्राट वूचा नातू. तो आधी छांगयीचा वांग होता, बापाकडून वारशाने. इ.स.पू. ७४ ला त्याला बोलावून सम्राट केलं आणि सत्तावीस दिवसांत ११२७ गुन्ह्यांची यादी वाचून हाकललं, आणि वांगकीही परत दिली नाही. अकरा वर्षं पदवी शून्य. इ.स.पू. ६३ ला नव्या सम्राटाने होउ केलं, घरं मोजा: चार हजार. आकडा चांगला वाटतो ना? पण अट अशी की पूर्वजांच्या मंदिरातल्या पूजेला यायचं नाही, म्हणजे होउचा सगळ्यात मोठा मान काढूनच घेतलेला. पुढे कुणाशी तरी नको ते बोलल्याचं निमित्त झालं आणि तीन हजार घरं कापली, उरली हजार. इ.स.पू. ५९ ला तो मेला.

२०११ ला चोरांनी खणायला सुरुवात केल्यामुळे त्याची कबर उजेडात आली. आत त्याच्या नावाचा जेडचा शिक्का, आणि सोन्याच्या शेकडो वस्तू. काही सोन्याच्या चकत्यांवर शाईने लिहिलंय, दक्षिणेचा हायहुन होउ, आपला सेवक ह, युआनखांगचं तिसरं वर्ष, पूजेचं सोनं एक जिन (वजनाचं माप). हे वर्ष म्हणजे इ.स.पू. ६३, पदवी मिळाली तेच. ज्या पूजेला यायला बंदी होती तिचं सोनं त्याने नाव घालून तयार ठेवलं होतं, ते त्याच्यासोबतच पुरलं गेलं.

वारसा बघा: मुलगा छोंगग्वो वारस म्हणून नाव सुचवल्यावर मेला, दुसरा फंगछिन तोही मेला, अधिकारी म्हणाले स्वर्गालाच हे घराणं नको आहे, जहागीर खालसा. इ.स.पू. ४६ ला पुढच्या सम्राटाने तिसरा मुलगा दायझोंग याला परत हायहुन होउ केलं, आणि त्याच्यामागे ती पोराकडे गेली.